कॉमिक कॉनमध्ये टेबल घ्यावं का? (गेमवाला एक, चित्रकार एक, टेबल एकच)

पिक्सेलपंत

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी पुण्यात नोकरी सांभाळून एक छोटा गेम बनवतो. त्यातली सगळी चित्रं माझी मामेबहीण काढते. ती पूर्णवेळ डिजिटल चित्रकार आहे, पुस्तकांची मुखपृष्ठं वगैरे करते आणि स्वतःचे प्रिंट इन्स्टाग्रामवर विकते. गेम असा आहे: तुम्ही एसटीचे कंडक्टर. काळ मशीन यायच्या आधीचा, म्हणजे तिकिटांचा ट्रे आणि चिमटा. पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांना तिकिटं द्यायची, सुट्टे परत करायचे आणि 'याचं अर्धंच द्या' म्हणणाऱ्या बाईंचं पोरगं खरंच बारा वर्षांच्या आतलं आहे का, हे त्याच्या मिशीकडे बघून ठरवायचं.

सध्या घरात विषय चालू आहे तो मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स, गेम, सिनेमावेड्यांची जत्रा) टेबल घेण्याचा. बहिणीचं म्हणणं चित्रं विकली जातील, माझं म्हणणं गेम लोकांना दिसेल. एका भाड्यात दोन कामं. पण तिकीट काढून फिरायला जाणं वेगळं आणि टेबलामागे उभं राहणं वेगळं. ज्यांनी टेबल लावलंय त्यांनी सांगा, पैसे सुटतात का? गेम आणि चित्रं एका टेबलावर चालतात का? बहिणीला दुसऱ्यांची पात्रं काढायची नाहीत, आणि जो भेटेल तो तिला सांगतो की तिथे तेवढंच खपतं. शिवाय जीएसटीचं काय करायचं असतं?

कुंचला_किरकिरा

चला, माझ्या जिव्हाळ्याचा विषय निघाला. मोठा प्रतिसाद येणार, चहा घेऊन बसा.

आधी एक फरक समजून घ्या. मोठे स्टॉल असतात ते प्रकाशक, टीशर्टवाले, खेळणीवाले यांचे. आपल्यासारख्यांसाठी आर्टिस्ट अ‍ॅली असते. एक टेबल, दोन खुर्च्या, मागे जेमतेम उभं राहायला जागा. भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक. अर्ज करताना कामाचे नमुने मागतात, निवड होते, जागा लवकर भरतात. त्यामुळे 'बघू, ठरवू' करत बसाल तर पुढच्या वर्षीच जाल.

पैसे सुटतात का, या प्रश्नाचं उत्तर घरी बसून काढता येतं. भाडं, छपाई, प्रवास, राहणं, दोन दिवसांचं खाणं यांची बेरीज करा. हॉलमधलं खाणं महाग, डबा न्या. आता एका प्रिंटमागे छपाई वजा जाता हातात काय उरतं त्याने भागा. समजा खर्च 20,000 आणि एका प्रिंटमागे 200 उरतात, तर शंभर प्रिंट विकल्यावर तुम्ही शून्यावर. त्यानंतरचा प्रत्येक प्रिंट कमाई. हा आकडा डोक्यात ठेवून ठरवा. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य हिशोबाच्या वहीत लिहू नका.

विकलं काय जातं? स्वस्त वस्तू सगळ्यात आधी. स्टिकर, पोस्टकार्ड, बुकमार्क. कॉलेजची पोरं तिकिटावर आणि कॉसप्लेवर (आवडत्या पात्राचा वेश करणं) पैसे घालवून आलेली असतात, खिशात उरलंय तेवढ्यात काहीतरी घरी न्यायचं असतं. ए4 प्रिंट मधला माल. ए3 कमीच जातो, पण लांबून लोकांना खेचून आणतो तो ए3च. म्हणून तो लावायचा, उभा. हे अगदी महत्त्वाचं. टेबलावर आडव्या पसरलेल्या चित्रांना गर्दीत काही अर्थ नाही, समोर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला टेबलच दिसत नाही. लोखंडी जाळीचे ग्रिड मिळतात, ते केबल टायने बांधून टेबलावर उभे करायचे आणि काळ्या बाइंडर क्लिपने प्रिंट टांगायचे. सगळ्यात चांगलं चित्र माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. किंमत प्रत्येक प्रिंटखाली, ठळक. आपली मराठी माणसं भाव विचारायला लाजतात. पाटी नसेल तर 'छान आहे हां' म्हणून पुढे सटकतात.

छपाईबद्दल. स्क्रीनवर काढलेलं चित्र छापल्यावर तसंच दिसेल ही आशा सोडा. चमकता निळा, तो निऑन गुलाबी, पोपटी, हे रंग शाईत बसतच नाहीत. निळ्याचा जांभळा होतो. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) बदलून बघा, मग नमुना काढा, तो दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच ऑर्डर द्या. मागे एका छापखान्याने माझा नमुना एका कागदावर काढला आणि ऑर्डर दुसऱ्याच कागदावर छापली, त्यावरून बरंच वाजलं होतं. तेव्हापासून मी नमुन्याच्या मागे कागदाचं वजन, लॅमिनेशन आणि तारीख लिहून त्यावर छापखान्याची सही घेते. 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, पारदर्शक पिशवीत मागे पुठ्ठा. पुठ्ठा नसेल तर गिऱ्हाईक बॅगेत कोंबतं आणि घरी पोचेपर्यंत प्रिंटची सुरळी.

आता तुमचा कळीचा प्रश्न. एका टेबलावर गेम आणि चित्रं? माझं मत: नको. गेम खेळणारा माणूस चार मिनिटं तिथे खांब होऊन उभा राहतो. त्याच्यामागे त्याचे तीन मित्र. तेवढ्या वेळात माझी सहा गिऱ्हाइकं जातात.

अर्धवटराव

कुठे या भानगडीत पडता? तिथे निम्मी गर्दी कॉसप्लेवाल्यांबरोबर फोटो काढायला आलेली असते, उरलेली जपानी पात्रांचे टीशर्ट घ्यायला. तुमच्या एसटीच्या कंडक्टरला कोण विचारतो? 100 डॉलर भरले की स्टीमवर (गेम विकायचं ऑनलाइन दुकान) गेम लागतो, जगभर दिसतो. त्यासाठी बीकेसीला जाऊन दोन दिवस पाय दुखवून घ्यायची गरज काय?

बिल्ड_फुटला

अर्धवटराव, स्टीमवर 'लागतो' हे खरं, 'दिसतो' हे नाही. तिथे रोज डझनावारी नवे गेम येतात. ते 100 डॉलर गेमने 1,000 डॉलरचा धंदा केला की परत मिळतात, आणि ते परत मिळणं हीच कित्येकांची पहिली पायरी असते.

पंत, मी बंगळूरला असतो, गेम घेऊन बऱ्याच ठिकाणी टेबलामागे उभा राहिलोय. माझा अनुभव कुंचलाताईंपेक्षा वेगळा, कारण आपला धंदाच वेगळा. चित्रकाराचा माल तिथल्या तिथे विकला जातो. आपला गेम बहुतेक वेळा तयारसुद्धा नसतो. मग तिथून घरी काय आणायचं? अनोळखी माणसाचे हात.

सांगतो. माझ्या जुन्या कोडं-गेमचा डेमो एका कॉलेजच्या फेस्टमध्ये लावला होता. दहा-एक वर्षांची मुलगी आली, मागे बाबा. पडद्यावर मी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, 'दोरी पकडण्यासाठी बटण दाबून धरा'. तिने कंट्रोलर हातात घेतला आणि घेता घेताच अंगठा बटणावर पडला. सूचना गायब. कारण कुठलंही बटण दाबलं की सूचना बंद, असा कोड मीच लिहिलेला. मग ती दोरीखाली उड्या मारत राहिली. बाबा मागून 'अगं ते दाब, ते दाब'. तिने दाबलं, पण दाबून धरलं नाही. बाहुली दोरीला शिवायची आणि खाली पडायची. पाचव्यांदा पडल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू दोरी मी कापली होती. कंट्रोलर ठेवला आणि गेली. आमच्या टीममध्ये सगळे महिनोन् महिने तोच गेम खेळत होतो, कुणालाही हे दिसलं नव्हतं, कारण दोरी धरायची असते हे आमच्या बोटांना पाठ होतं. नंतर सूचना दोरीच्या शेजारीच काढली, हाताच्या चित्रासकट, आणि बटण धरेपर्यंत ती जातच नाही असं केलं.

म्हणून पहिला नियम. खेळणारा अडला तरी बोलायचं नाही. तोंड बंद, हातात वही. कुठे अडला, कुठे हसला, कुठे मोबाइल काढला ते लिहायचं. 'कसा वाटला?' विचारलंत की सगळे 'मस्त' म्हणतात. त्या 'मस्त'ला काडीची किंमत नाही. माणूस संपल्यावर परत रांगेत लागला, किंवा मित्राला ओढून घेऊन आला, तर ते खरं.

तुमच्या गेममध्ये मला आत्ताच एक धोका दिसतो. ज्यांनी तिकिटांचा ट्रे आणि चिमटा पाहिलाच नाही अशी पोरं तुमच्यासमोर येणार. त्यांना तो चिमटा नेलकटर वाटू शकतो. हे घरी कळणार नाही, तिथे पहिल्या तासात कळेल.

डेमोची तयारी थोडक्यात. तीन-चार मिनिटांत संपला पाहिजे, आणि संपताना मजा नुकतीच सुरू झाली असं वाटलं पाहिजे. कुणी अर्धवट सोडून गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात गेम आपोआप सुरुवातीला यायला हवा, नाहीतर पुढचा माणूस थांबलेला पडदा बघून निघून जातो. इंटरनेट बंद. विंडोजचे अपडेट बंद. व्हॉट्सअ‍ॅप बंद, हे विशेष, कारण मोठ्या पडद्यावर 'जेवलास का?' हा आईचा निरोप सगळ्या हॉलने वाचलाय. वायरचा कंट्रोलर न्या, ब्लूटूथ अशा गर्दीत रुसतं. आवाज ऐकू येणार नाही हे गृहीत धरा, हेडफोन ठेवा, पण गेम आवाजाविनाही कळला पाहिजे. पेन ड्राइव्हवर बिल्डची, म्हणजे चालणाऱ्या गेमची, दुसरी प्रत. आणि टेबलाला वीज मिळते का, तिचे पैसे वेगळे का, हे अर्ज भरतानाच विचारा. आर्टिस्ट अ‍ॅलीत प्लग असेलच असं नाही.

शेवटी डेमोच्या अखेरच्या पडद्यावर मोठा क्यूआर, विशलिस्टसाठी (म्हणजे लोकांनी स्टीमवर गेम आपल्या 'हवाय' यादीत टाकावा म्हणून). हॉलमध्ये नेटवर्क रांगतं, म्हणून तोच क्यूआर कार्डावर छापून हातात द्या, लोक लोकलमध्ये बसून उघडतात. स्टीम पेज आधीच तयार पाहिजे, हे सांगायला नको.

अजून एक. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट (येणाऱ्या गेमच्या डेमोंचा ऑनलाइन महोत्सव) फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा असतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. ती संधी दोरी न पकडता येणाऱ्या डेमोवर घालवू नका. आधी माणसांसमोर, मग नेक्स्ट फेस्ट.

कल्याणलोकल

मी फक्त बघ्या, दरवर्षी जाणारा. टेबलामागच्या मंडळींना विनंती: मोबाइलमध्ये तोंड घालून बसू नका. आणि दुसरं टोक, 'सर सर एक मिनिट' करत कार्ड हातात कोंबू नका. मी ज्या टेबलांपाशी थांबलो तिथे बहुतेक वेळा चित्रकार काहीतरी काढत बसलेला होता. हात चालू असला की माणूस आपोआप थांबतो.

बाकी सामानाचं बघा. बीकेसीला ठरलं असेल तर आता भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, पण ग्रिड आणि प्रिंटचे गठ्ठे घेऊन जिने चढण्यापेक्षा टॅक्सी परवडते. पुण्याहून डेक्कन क्वीनने सकाळी येऊन मांडामांड करू म्हणाल तर विसरा, ती दादरला येईपर्यंत दारं उघडायची वेळ होते. आदल्या दिवशी या.

माधवी७१

माझी मुलगी अकरावीत आहे, आयपॅडवर दिवसभर चित्रं काढते. तिलाही असं टेबल हवंय. एवढे पैसे घालायचे का? की हे सगळं शिक्षण झाल्यावर?

कुंचला_किरकिरा

माधवीताई, एवढ्यात मोठ्या कॉनचं भाडं भरू नका. इंडी कॉमिक्स फेस्ट म्हणून एक प्रकार आहे, 2017 पासून वेगवेगळ्या शहरांत भरतो, मुंबईतही झालाय. चित्रकारांनीच चालवलेला, स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा छोटेखानी बाजार. तिथे दहा-बारा पानांची झेरॉक्स पुस्तिका घेऊन बसलेली पोरं असतात आणि येणारी माणसं ती खरंच उघडून वाचतात. मुलीला एक गोष्ट पूर्ण करायला सांगा, आठ पानांची का होईना. सुटी चित्रं सगळेच काढतात.

तोक्योकर

ज्या इंडी फेस्टचा उल्लेख झाला त्याचं मूळ आमच्या इथे आहे, म्हणून दोन शब्द. मी जपानात नोकरीला आहे, कोमिकेटला (हौशी मंडळींनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा मोठा बाजार) नेमाने जातो, एका जपानी मित्राच्या टेबलामागेही बसलोय.

21 डिसेंबर 1975 ला पहिला कोमिकेट भरला तेव्हा 32 गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. आज तो ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये तोक्यो बिग साइटला भरतो आणि माणसं लाखांत मोजतात. तरी चालवतात स्वयंसेवकच. जागेसाठी काही महिने आधी अर्ज, जागेपेक्षा अर्ज जास्त म्हणून सोडत. लागली तर मिळतं काय? अर्धं टेबल. 90 सेंटिमीटर. उरलेल्या अर्ध्यावर शेजारी. विक्री सुरू व्हायच्या आधी प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत आयोजकांकडे जमा करायची, ते चाळून बघतात. आणि तिथे 'ग्राहक' असं कुणाला म्हणत नाहीत. विकणारा, घेणारा, रांगा लावणारा, सगळेच 'सहभागी'. आयोजकांनी चुकून जरी गिऱ्हाईक म्हटलं तरी जुनी मंडळी टोकतात.

पंतांसाठी मुद्दा असा की तिथे गेमही विकले जातात, एकट्यादुकट्याने बनवलेले. झुन नावाचा माणूस प्रोग्रॅमिंग, संगीत, चित्रं जवळजवळ सगळं एकट्याने करून 'तोहो' मालिकेचे गेम तिथे सीडीवर विकायचा. ऑगस्ट 2002 च्या कोमिकेटला त्याचा पहिला विंडोजवरचा गेम आला आणि पुढे त्याच्या पात्रांवर इतर लोकांनी काढलेली पुस्तकं, गाणी, गेम यांचा महापूर आला. त्याने काय करावं? अडवलं नाही, नियम लिहून दिले. हे चालेल, हे चालणार नाही. 'फॅन आर्ट (चाहत्यांनी काढलेली दुसऱ्यांची पात्रं) चोरी की प्रेम' हा वाद इथे होण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की जपानात बरंचसं हक्कदाराच्या डोळेझाकीवर चालतं. 2018 च्या शेवटी तिथला कायदा कडक झाला, काही प्रकरणांत तक्रारीशिवायही खटला भरता येईल अशी तरतूद आली. पण ती मूळ माल जसाच्या तसा विकणाऱ्यांसाठी. चाहत्यांच्या पुस्तिका त्यातून मुद्दाम वगळल्या.

आणि तुमच्या कंडक्टरसाठी एक गंमत. तिथे किमती 500 किंवा 1,000 येनच्या पटीत ठेवतात, म्हणजे सुट्ट्याची कटकट नको. घेणारेही आठवडाभर आधीपासून 500 ची नाणी साठवतात. 1,000 च्या वस्तूला 10,000 ची नोट पुढे करणं म्हणजे तिथे शिष्टाचाराचा भंग.

अर्धवटराव

डोळेझाक जपानात. इथे उद्या कुणी वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे?

बे_एके_बे

आलो. पेशाने सीए, कॉपीराइटचं आमच्या घरात बघितलं जातं (बायको वकील). तिला विचारूनच लिहितोय.

दुसऱ्याचं पात्र काढून विकणं कॉपीराइट अधिनियम, 1957 प्रमाणे परवानगीशिवाय चालत नाही. 'मी स्वतः काढलंय', 'शैली माझी आहे', 'खाली श्रेय दिलंय', यातलं काहीही बचाव नाही. कारवाई फारशी होत नाही ही वेगळी गोष्ट, त्या भरवशावर धंदा उभा करायचा का हे ज्याचं त्याने ठरवावं. भारतात हक्क निर्मात्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं. म्हणजे राजा रवि वर्म्यांच्या चित्रांवर खेळायला मोकळे आहात, ते 1906 मध्ये गेले. आपल्या लहानपणीच्या मासिकांतले, पुस्तकांतले नायक मात्र मोकळे नाहीत, मनाने कितीही आपले असले तरी.

महाराष्ट्रातल्या चित्रकारांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्ध 1950 चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, महात्मा गांधींच्या बरोबरीने. सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापर नाही. कॅलेंडरांना मर्यादित सूट आहे, तीही जाहिरातीसाठी नसेल तर. त्यामुळे महाराजांचं चित्र टीशर्ट-मगवर छापायचा बेत असेल तर आधी सल्ला घ्या. किल्ले काढा, हवे तितके.

आता जीएसटी. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत, आणि सेवा देत असाल किंवा दोन्ही असेल तर 20 लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. एकाच पॅनवरचं सगळं मोजायचं, मुखपृष्ठांचं मानधन धरून. पण हे राज्यातल्या राज्यात. बंगळूर, दिल्ली, हैदराबादला टेबल लावलंत की तिथे तुमचा धंद्याचा पत्ता नसल्याने तुम्ही 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' होता. मग उलाढाल कितीही असो, नोंदणी हवी. निदान 5 दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ भरायचा, नोंदणी 90 दिवस चालते, आणखी 90 वाढवून मिळते. हस्तकलेच्या वस्तूंना काही सूट आहे, पण छापलेला डिजिटल प्रिंट म्हणजे हस्तकला असं गृहीत धरू नका.

आणि पंत, रागावू नका. बहीण इन्स्टाग्रामवरून प्रिंटची पार्सलं परराज्यात पाठवत असेल तर तिचा प्रश्न कॉमिक कॉनच्या आधीच उभा राहिलेला आहे. आंतरराज्य मालविक्रीला ती 40 लाखांची ढाल लागू नाही. तिला आधी एखाद्या सीएकडे पाठवा. माझ्याकडेच असं नाही. :)

पिक्सेलपंत

बापरे. तिला धागा पाठवला. तिचा पहिला प्रश्न, 'बंगळूरला किती पाठवले होते आपण?' दुसरा, 'हे बे एके बे फी किती घेतात?'

बिल्ड_फुटला

कुंचलाताई खांबाबद्दल म्हणाल्या ते खरंय. पण टेबलाच्या मध्यावर पडदा ठेवलात तरच तो खांब. टोकाला ठेवा, पडदा बाजूच्या वाटेकडे वळवून, म्हणजे खेळणारा टेबलासमोर नाही, बाजूला उभा राहतो. अर्जात कोपऱ्याचं टेबल मागा. वीज नसेल तर स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) आणि दोन पॉवर बँक.

दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच गेमवाल्यांनी मिळून एकच मोठा स्टॉल घेणं. अमेरिकेत 2012 मध्ये पॅक्स ईस्ट या गेमच्या जत्रेत इंडी मेगाबूथ सुरू झाला तो असाच. एकेकट्याला न परवडणारी मोक्याची जागा सगळ्यांनी मिळून घेतली आणि बड्या कंपन्यांच्या शेजारी छोटे गेम दिसायला लागले. पुण्यात गेम बनवणारे काही कमी नाहीत. 'राजी' हा गेम बनवणारे नॉडिंग हेड्स पुण्याचेच. 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचं त्यांचं लक्ष्य पुरं झालं नव्हतं, तरी 2020 मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि मग बाकी ठिकाणी.

अर्धवटराव

चार-पाच मराठी माणसांनी मिळून एक स्टॉल? आधी नाव कुणाचं वर यावर सोसायटीची मीटिंग होईल.

कुंचला_किरकिरा

कोपऱ्याचं टेबल मिळालं तर माझा विरोध मागे. पण गर्दीच्या वेळी, म्हणजे दुपारनंतर, गेम बंद ठेवायची तयारी ठेवा. सकाळी लोक फिरत असतात, खेळतात, पैसे काढत नाहीत. खरेदी परतताना होते.

फॅन आर्टबद्दल माझंही मत देते. हो, ओळखीची पात्रं लवकर खपतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या टेबलावर रांग आणि आपल्याकडे माश्या, हे मी सोसलंय. पण ते गिऱ्हाईक पात्राचं असतं, तुमचं नसतं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या टेबलावरून तेच पात्र घेईल. अभिजीत किणींची अँग्री मावशी बघा. आपल्या गल्लीत भेटेल अशी मावशी, आणि लोक तिच्यासाठी त्यांचं टेबल शोधत येतात. याला वेळ लागतो, भाडं मात्र पहिल्या वर्षीपासून लागतं, हा तिढा आहे खरा.

मधला रस्ता म्हणजे विषय ओळखीचा, पात्र स्वतःचं. लोकलचा डबा, गणपतीतली आरती, शाळेचा डबा, पावसातला घाट. त्यावर कुणाचा हक्क नाही.

कंडक्टरची_बहीण

नमस्कार, मीच ती मामेबहीण. खास या धाग्यासाठी आयडी काढला. (हो, सीए गाठला. चेहरा बघण्यासारखा झाला होता त्याचा.)

आमचं ठरतंय ते असं. टेबल माझ्या नावावर, आर्टिस्ट अ‍ॅलीत. गेम टोकाला, आणि दुपारी चारनंतर बंद, हे दादाने कबूल केलंय, इथे लिहून ठेवते म्हणजे साक्षीदार राहतील. फॅन आर्ट नाही. त्याऐवजी गेममधलेच प्रवासी: कोंबडी पिशवीत लपवणारे आजोबा, खिडकीसाठी रुमाल टाकणाऱ्या काकू, 'पास आहे' म्हणून डोळे मिटून घेणारा कॉलेजकुमार. प्रत्येकाचा स्टिकर, जुन्या तिकिटाएवढ्या कागदावर, रंगही तसेच फिके. खेळणाऱ्याने बरोबर सुट्टे दिले तर त्याच्या स्टिकरला आम्ही चिमट्याने भोक पाडून देणार. जुना चिमटा दादाने जुन्या बाजारातून शोधून आणलाय आणि दिवसभर घरात कटकट वाजवत बसतो.

प्रश्न: गाडीवर एसटीचं चिन्ह काढलं तर चालेल का? लाल रंग तर हवाच.

बे_एके_बे

लाल डबा काढा, खिडक्या काढा, मागे 'हात दाखवा गाडी थांबवा' लिहा. महामंडळाचं बोधचिन्ह आणि नाव मात्र विकायच्या वस्तूवर नको, गेममध्येही नको. स्वतःचं काल्पनिक महामंडळ काढा, चिन्हासकट. शिवाय आमच्या हिच्या मते तेच जास्त गमतीदार होईल.

तोक्योकर

भोक पाडलेला स्टिकर जाम आवडला. एक सुचवू? किमती 50 आणि 100 अशाच ठेवा, आणि यूपीआय अडकलं तर सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका. कंडक्टरच्या टेबलावर सुट्टे नसणं बरं दिसणार नाही.

बिल्ड_फुटला

पंत, चिमट्याला लोक नेलकटर म्हणाले तर वहीत लिहाच. आणि किती जणांनी म्हटलं ते इथे येऊन सांगा, पैज लावायला तयार आहे.

कंडक्टरची_बहीण

सांगू. आता शेवटचं. दोन दिवसांसाठी ग्रिड विकत घ्यायला जिवावर येतंय. मुंबई-ठाण्यात कुणाकडे आहेत का?

कुंचला_किरकिरा

माझ्याकडे चार आहेत, ठाण्याला येऊन घेऊन जा. क्लिपा मोजून देणार आणि मोजून परत घेणार. मागच्या वेळी ज्यांना दिल्या होत्या ते इथलेच सभासद आहेत, नाव घेत नाही, पण अकरा क्लिपा अजून यायच्या आहेत.

कल्याणलोकल

शनिवारी आणून देतो ताई. :(